जुनं लाकडी घर पाडायलाच हवं का? राष्ट्रीय मानकं काय सांगतात?

पावसाळा जवळ आला की आष्टा, वाळवा, तासगाव अशा गावांत एक विषय हमखास निघतो. आजोबांच्या काळातला वाडा पाडायचा की ठेवायचा? लाकडाचे खांब, तुळया, वर माळवद किंवा कौलं, आणि बाजूला दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती. घरात दोन गट पडतात. एक म्हणतो, "लाकूड जुनं झालं, आता स्लॅबच." दुसरा म्हणतो, "एवढं सागवान आज मिळणार आहे का?"

अनेकांचा समज असा असतो की लाकडी घराला सरकारी नियमांत जागाच नाही. प्रत्यक्षात तशी जागा आहे.

नियम नेमके कोणते?

भारतात बांधकामाचा मुख्य संदर्भग्रंथ म्हणजे राष्ट्रीय इमारत संहिता. ती पहिल्यांदा 1970 मध्ये आली, आणि 2016 च्या आवृत्तीत लाकूड आणि बांबूच्या बांधकामासाठी स्वतंत्र विभाग आहे. संहिता हा स्वतः कायदा नसतो. राज्याच्या नियमावलीत तिचा आधार घेतला की ती लागू होते. महाराष्ट्रात 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने रचनेच्या मजबुतीसाठी याच संहितेकडे बोट दाखवलं आहे.

तिच्या जोडीला भारतीय मानक ब्युरोची मानकं आहेत. आयएस 883 हे लाकडी रचनेचं मानक. ते लाकडाच्या जाती ताकदीप्रमाणे तीन गटांत बसवतं. लाकूड घरात कोरडं राहणार, बाहेर उघड्यावर राहणार की सतत ओलं राहणार, यावर त्याने किती भार घ्यायचा ते ठरतं. म्हणजे तेच सागवान ओलं राहिलं तर त्यावर टाकायचं वजन कमी धरावं लागतं.

आयएस 4326 हे भूकंपरोधक बांधकामाचं मानक. त्यात म्हटलंय की वजनाच्या मानाने लाकूड जास्त ताकदवान असतं, म्हणून ते भूकंपात उपयोगी ठरतं. अट अशी की लाकडी बांधकाम साधारण दोन मजल्यांपर्यंतच असावं. वर पोटमाळा चालतो.

भूकंपाचा इथे काय संबंध?

आष्ट्यापासून कोयनानगर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि सुमारे 180 माणसं गेली. आयएस 1893 च्या 2016 च्या नकाशात कोयना परिसर झोन 4 मध्ये आहे, तर सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग झोन 3 मध्ये.

पण लाकडी घरांबद्दल सगळ्यात मोठा धडा किल्लारीने दिला. 30 सप्टेंबर 1993 ला, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होता. हजारो माणसं झोपेतच गाडली गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडांच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. आणि अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या तरी खणांच्या घरांचा लाकडी सांगाडा उभा राहिला होता.

म्हणजे घातक ठरल्या त्या सांगाड्याला न बांधलेल्या जड भिंती. सांगाडा नुसता उभा राहून माणूस वाचत नाही. भिंत आत पडली तर खांब काय करणार?

मग मजबुती येते कुठून?

मानकांचा सगळा जोर सांधे आणि तिरक्या आधारांवर आहे. खांब आणि तुळई नुसती एकमेकांवर टेकवली तर हादऱ्यात चौकट कलते. त्यांच्या कोपऱ्यात तिरका टेकू दिला की ती कलायला मागत नाही. आयएस 4326 मधली विटांनी भरलेली लाकडी भिंत याच तत्त्वावर चालते. तिच्यात उभे, आडवे आणि तिरके वासे एकमेकांत अडकवलेले असतात आणि मधल्या जागेत विटा भरतात. भिंत हलकी होते आणि सांगाड्याला धरून राहते.

पुराचं काय?

आष्टा कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या खोऱ्यात आहे. या खोऱ्याने 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिले. कोरडं लाकूड शेकडो वर्षं टिकतं. पण त्यातला ओलावा बराच काळ 20 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी लागते, आणि ओल असली की वाळवीचंही फावतं. जुने गवंडी खांब दगडी तळखड्यावर उभा करायचे ते याचसाठी, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. नंतर फरशी बसवताना तळखडा सिमेंटमध्ये बुजवला की खांबाचा बुंधा आतून कुजू लागतो, आणि वरून काहीच दिसत नाही.

निर्णय घेण्याआधी हे तपासा

- खांबाच्या बुंध्यात आणि भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय.
- भिंतीला पोट आलंय का, कोपऱ्यात उभी भेग आहे का, ते बघा.
- गळती थांबवायला माळवदावर वर्षानुवर्षं माती टाकली असेल, तर ते वजन जाणकाराच्या देखरेखीखाली कमी करा.
- जुनं वायरिंग बदला. लाकडी घरात शॉर्टसर्किट आणि चुलीची आग यांची वेगळी काळजी घ्यायला मानकही सांगतं.

यातलं काहीही आढळलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या. नगरपरिषदेची धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर ती बाजूला ठेवू नका. अहवाल येईपर्यंत त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका. कुजलेला एखादा खांब बदलता येतो, पण पोट आलेली भिंत कधी पडेल ते सांगता येत नाही.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या कामांत लाकूड वापरण्यावर 1993 मध्ये घातलेली बंदी 2020 मध्ये उठवली. म्हणजे सरकारी कामांतही लाकूड पुन्हा चालतं. आणि आयएस मानकं ब्युरोच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. वाडा पाडायचा की सावरायचा हे ठरवताना इंजिनिअरला एवढं जरूर विचारा, "आयएस 883 आणि 4326 प्रमाणे हे घर कुठे कमी पडतं?"