‘लाय’ आणि ‘ले’: इंग्रजीतील पडणे-पाडणे

इंग्रजीतील ‘लाय’ म्हणजे आडवे होणे हे अकर्मक, अर्थात कर्माची गरज नसलेले क्रियापद असून ‘ले’ म्हणजे एखादी वस्तू ठेवणे हे त्याचेच प्राचीन प्रयोजक रूप, म्हणजे क्रिया घडवून आणणारे रूप आहे. मराठीत ‘पडणे’पासून ‘पाडणे’ असेच स्वर बदलून होते, त्यामुळे ही जोडी मराठी विद्यार्थ्याला खरे तर परकी वाटू नये. घोटाळा होतो तो भूतकाळात, कारण ‘लाय’चे भूतकाळी रूपही ‘ले’ असेच आहे: ‘शी ले डाउन’ म्हणजे ती आडवी झाली, परंतु ‘शी लेड द बुक डाउन’ म्हणजे तिने पुस्तक खाली ठेवले. मराठीतील ‘ने’ प्रत्यय येथे उत्तम खूण ठरतो; ‘ती’ऐवजी ‘तिने’ म्हणावे लागले की ‘लेड’ योजावे. खोटे बोलणे या अर्थाचे ‘लाय’ मात्र वेगळ्याच मुळाचे असून त्याचे भूतकाळी रूप ‘लाइड’ होते.