आधी पाणी, मग बाकी सारे

ईदच्या सकाळी शिंदखेड्यात आमच्या मोहल्ल्यात घरोघरी शीरखुर्म्याचे दूध उकळत असते. शेगडी लहान, पातेले मोठे. म्हणून ते उतरवून जमिनीवर ठेवतात. तीन वर्षांपूर्वी धाकट्या भावामागे धावताना आमच्या शाळेतील दुसरीच्या एका मुलीचा उजवा हात अशाच पातेल्यात गेला. घरच्यांनी टूथपेस्ट लावली, शेजारणीने शाई ओतली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार झाली. जखम दिसावी म्हणून आधी ती पेस्ट धुऊन काढावी लागली. त्या वेळचे तिचे रडणे तिची अम्मी आजही विसरलेली नाही.

त्या घरात माया कमी नव्हती, माहिती नव्हती.

लहान मुलांची कातडी पातळ असते. 60 अंश तापलेले पाणी मोठ्या माणसाला सुमारे 5 सेकंदांत खोल भाजते, मुलाला त्याहून लवकर. नुकताच गाळलेला चहा याहून गरम असतो. शिवाय भांडे दूर केले तरी उष्णता कातडीत आत उतरत राहते. तिला थांबवते ते साधे वाहते पाणी, पूर्ण 20 मिनिटे. नळ आला नसेल तर हंड्यातले पाणी तांब्याने ओतत राहावे. बर्फ, शाई, हळद, तेल काही नको. बांगड्या, अंगठी लगेच काढावी. चिकटलेला कपडा ओढू नये, फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ कापडाने सैल झाकावे आणि बाकीचे अंग उबदार ठेवावे. दुआ जरूर करावी, पण पाणी ओतता ओतता.

मुलाचा बोटांसह तळहात म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे 1 टक्का. असे दहा तळहात भाजले, किंवा चेहरा, हात, सांधे, गुप्तांग भाजले, विजेचा धक्का बसला, तर 108 ला फोन करून थेट मोठे रुग्णालय गाठावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरील उपचार आहेत. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत असू द्यावे.

रात्री झोपताना घरात आग पेटती ठेवू नका, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली होती. मदिनेत रात्री एक घर जळाल्यावरचा हा प्रसंग हदीसमध्ये आला आहे. आजच्या घरात याचा अर्थ एवढाच : सहरीनंतर सिलिंडरचा कॉक बंद करावा, अंघोळीच्या बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, रॉड लावून बादली सोडून जाऊ नये, इफ्तारची भजी तळताना मुले कढईपासून दूर असावीत. मोठ्या मुलांना चुलीत रॉकेल ओतू देऊ नये आणि विजेच्या तारेत अडकलेला पतंग काढू देऊ नये.

जखम भरली म्हणजे संपले, असेही नाही. भाजलेली कातडी भरताना आक्रसते. व्यायाम व पट्टी महिनोन्‌महिने चालू ठेवावी लागते. त्या मुलीचा व्यायाम मध्येच सुटला आणि बोटे वाकली. ती शाळेत परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही वर्गाला सारे समजावून सांगितले. तिला कोणी चिडवले नाही. पण घरी येणाऱ्या बायका तिच्यासमोरच तिच्या लग्नाची काळजी करत. तिला तेच जास्त लागले.

पुढे धुळ्याला शस्त्रक्रिया झाली. आता बोटे उघडतात, अक्षर थोडे तिरके येते. अल्हम्दुलिल्लाह! गेल्या ईदला आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दुधाचे पातेले ओट्यावर, भिंतीला लावून ठेवले होते.