चाकांवरचे घर आणि पाण्यातला किल्ला

कॅरॅव्हॅन हा शब्द कानांना नवा वाटला, तरी ती वस्तू जैन व्यापारी परंपरेला नवी नाही. जैन कथाग्रंथांत तिचे नाव सार्थ आणि तिच्या प्रमुखाचे नाव सार्थवाह. भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवातील धन सार्थवाहाची कथा अनेक घरांत सांगितली जाते. व्यापारासाठी निघालेल्या त्याच्या सार्थासोबत आचार्य धर्मघोष आणि त्यांचा साधुवृंद होता. पावसाने सार्थ वाटेत अडकला, तेव्हा साधूंना कल्पेल असा आहार मिळतो की नाही याची आठवण धनाला झाली आणि त्याने त्यांना घृतदान केले. सार्थवाहाचे मोठेपण गाड्यांच्या संख्येत नव्हते. ज्यांचे नियम अधिक कडक, त्यांचीही वाटेत सोय लागली पाहिजे, या जाणिवेत ते होते.

तळेगाव दाभाडे ज्या मावळात वसले आहे, तेथून अशा सार्थांच्या जुन्या वाटा जात. देशावरचा माल घाट उतरून चौल, कल्याण, सोपारा या बंदरांकडे जाई. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी याच टापूतली. कामशेतजवळच्या पाले येथील लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक लहानसा शिलालेख आहे. त्याचा आरंभ अर्हंतांच्या वंदनाने होतो आणि लेण्यासोबत पाण्याचे टाके करविल्याची नोंद त्यात आहे. महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन लेखांत त्याची गणना होते. घाटातून समुद्राकडे जाणाऱ्या वाटसरूला पाणी आणि आसरा मिळावा, ही दृष्टी त्या टाक्यात दिसते.

आज त्याच घाटातून मोटारी धावतात. तरीही कोकण किनाऱ्याची सहल ठरली की अनेक घरांतील वडीलधारी मंडळी मागे राहतात. त्याचे कारण प्रकृतीपेक्षा पुष्कळदा स्वयंपाकघर हे असते.

स्वयंपाकघर बरोबर असेल तर

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आणि भाड्याने मिळणाऱ्या या गाड्यांकडे लोकांचे लक्ष गेले. मिनीबसच्या सांगाड्यावर झोपण्याचे बाकडे, छोटा ओटा, शीतकपाट, शौचालय आणि पाण्याच्या दोन टाक्या, एक स्वच्छ पाण्याची व दुसरी सांडपाण्याची, अशी तिची साधारण रचना असते.

कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या आणि चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाला या रचनेतील ओटा सर्वांत मोलाचा. मालवण-देवगडच्या बहुतेक खानावळींत मासळी हा मुख्य पदार्थ. तेथे वेगळ्या भांड्यांचा आग्रह धरणे दोन्ही बाजूंना अवघड होते. गाडीत स्वतःची भांडी, पाणी उकळण्याची सोय आणि वेळेवर मुगाची खिचडी एवढे असले, तरी आजीला घरी ठेवून जाण्याचे कारण उरत नाही.

याचा अर्थ सगळे वाण्याचे सामान घरूनच भरून न्यावे, असा नव्हे. कोकणच्या आठवडी बाजारात तोंडली, दुधी, तांबडा माठ, कच्ची केळी, ओला नारळ आणि कोकमाचे आगळ मिळते. कुळथाचे पिठले, घावन, नारळाच्या रसातल्या शेवया हे तिथले पदार्थ गाडीतही होऊ शकतात. सोलकढीत मात्र बहुधा लसूण घालतात. ती घरी करावी. चार दिवस किनाऱ्यावर राहून तिथल्या बाईकडून भाजीची एक जुडीही न घेणे व्यापारी घराला शोभत नाही.

गाडी ठरविताना भाड्याचा दर तेवढा पाहून चालत नाही. प्रवासी वाहतुकीचा परवाना, विम्यात कोणाकोणाची जोखीम धरली आहे, किलोमीटरची मर्यादा, चालकाचा भत्ता व त्याच्या झोपण्याची सोय, हे सारे लेखी घ्यावे. दोन खोल्या, मोटार आणि बाहेरचे जेवण यांच्या बेरजेशी तुलना करूनच निर्णय करावा. दोघांच्या प्रवासाला ही गाडी महाग पडू शकते. तीन पिढ्या एकत्र निघाल्या, तर हिशेब बदलतो.

वाट आणि सूर्य

तळेगावहून पहाटे निघून बोरघाट उतरला की खोपोली, पेणमार्गे मुरूडचा किनारा गाठता येतो. तेथून दक्षिणेकडे जाताना खाड्या आडव्या येतात. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटींतून वाहनासह खाडी ओलांडता येते. पुढे गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करीत मालवण येते. घाई न करता गेल्यास याला चार दिवस लागतात. गाडीची उंची व वजन सांगून बोट ती घेईल का, हे आदल्या दिवशी विचारावे. बोटीवर चढण्यापूर्वी गॅसची टाकी बंद करावी. किनारी गावांतले रस्ते अरुंद असून माडा-आंब्याच्या फांद्या खाली आलेल्या असतात. गावातून रात्री गाडी नेऊ नये.

डिसेंबर-जानेवारीत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. चौविहार करणाऱ्यांना पाचच्या आत मुक्कामी पोचून चूल पेटवावी लागते. ही अडचण वाटते, पण तिच्यामुळेच प्रवास सुरक्षित होतो. अंधारात वळणाचा रस्ता कापण्याचा मोह राहत नाही आणि सूर्य समुद्रात बुडताना सारे कुटुंब निवांत किनाऱ्यावर असते.

कुरटे बेट

मुरूडजवळचा जंजिरा पहिल्या दिवशी निदान किनाऱ्यावरून तरी पाहावा, कारण सिंधुदुर्गाचे कारण त्यात आहे. सिद्दीचा हा जलदुर्ग शिवाजी महाराजांना हाती आला नाही. समुद्रावर सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज यांचा वावर होता. दर्यावर स्वतःचे बळकट ठाणे हवे, म्हणून मालवणसमोरचे कुरटे बेट निवडले गेले. किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्याशी पूजा होऊन २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कामाचा आरंभ झाला आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. हिरोजी इंदुलकर यांचे नाव या बांधकामाशी जोडले जाते.

मालवणच्या धक्क्यावरून होडी पाऊण-एक किलोमीटर पाणी ओलांडते. गाडी, ओटा, बाकडी सारे काठावर राहते. सुमारे ४८ एकरांचा हा किल्ला वाटाड्याशिवाय पाहिला, तर चार भिंती आणि माड एवढेच दिसते. वाटाड्या प्रथम होडीतूनच विचारतो, दरवाजा कुठे आहे? तो सापडत नाही. तटाच्या वळणात महाद्वार असे दडविले आहे की जवळ गेल्यावाचून ते दिसत नाही. आत गेल्यावर चुन्यात उमटलेले महाराजांचे म्हणून पूजिले जाणारे हाताचे व पायाचे ठसे, आणि राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधविलेले शिवराजेश्वर मंदिर. येथील मूर्तीला दाढी नाही. इतरत्र पाहिलेल्या चित्रांहून ती वेगळी आहे.

मुलांना सर्वांत नवल वाटते ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे. चहूकडे खारे पाणी असताना या तिन्हींचे पाणी गोडे. त्याशिवाय वेढ्यात किल्ला टिकणे अशक्य होते. तटाच्या पायात शिसे ओतल्याचे वाटाड्या सांगतो आणि साडेतीनशे वर्षे लाटा खाणारा तट दाखवितो. याच मालवणात राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. पुढे नवा उभारावा लागला. पायावर केलेला खर्च डोळ्यांना दिसत नाही, पण इमारत त्यावरच उभी असते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

सुरत, आणि नंतरचे शहाणपण

एक गोष्ट जैन कुटुंबाने येथे उभे राहून टाळू नये. किल्ल्याच्या कामाला आरंभ झाला त्याच वर्षी, जानेवारी १६६४ मध्ये, मराठ्यांनी सुरत लुटली. इंग्रज कंपनीला कर्जे देणारे वीरजी व्होरा हे सुरतेचे धनाढ्य जैन व्यापारी. त्या लुटीत त्यांचेही मोठे नुकसान झाले. त्या संपत्तीतून या किल्ल्याला पैसा आला, असे सांगितले जाते. सुरत मोगलांचे मुख्य बंदर होते आणि घाव मोगल सत्तेवर होता, हे खरे; तो व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर पडला, हेही तितकेच खरे.

परंतु गोष्ट तेथे संपत नाही. याच राज्याच्या रामचंद्रपंत अमात्यांनी १८व्या शतकाच्या प्रारंभी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात सावकार हे राज्याचे भूषण म्हटले आहेत. त्यांना सन्मानाने वसवावे, कारण त्यांच्यामुळे देशात माल येतो आणि संकटात कर्ज मिळते, असा त्याचा आशय. आरमारासाठी लाकूड तोडतानाही रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरीने घेऊ नयेत, अशी ताकीद त्यात आहे. किल्ला समुद्र राखतो आणि व्यापार किल्ला राखतो, हे नाते तेथे स्पष्ट झालेले दिसते. नातवंडांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात; एकच सांगितली तर इतिहास अर्धा राहतो.

काठावर परतताना

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. तळेगावच्या शेजारचा लोहगड आणि सिंधुदुर्ग दोन्ही त्या यादीत आहेत. गर्दी वाढेल, तसा भारही वाढेल. किल्ल्यात आजही मोजकी कुटुंबे राहतात. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद असतात, म्हणून वाटाड्या आणि होडीवाल्याची कमाई उरलेल्या महिन्यांवर अवलंबून. चातुर्मासात प्रवास आवरणाऱ्या कुटुंबांना हा बंद काळ अडचणीचा नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर समुद्रही शांत असतो. वाटाड्याशी दर आधी ठरवावा आणि मग घासाघीस करू नये. होडीत तरंगजाकीट प्रत्येकाने घालावे, लहानांनी तर अवश्य. मालवणचा सागरी परिसर १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथले प्रवाळ सजीव आहेत. पाण्यात उतरणाऱ्यांनी त्यांना हात लावू नये आणि गाडीच्या सांडपाण्याची टाकी किनाऱ्यावर कदापि रिकामी करू नये. जीवदयेचा नियम ताटापुरता नसतो.

परतीला घाट अशा गाडीसाठी खुला आहे का, हे विचारून गगनबावड्यावरून कोल्हापूर आणि तेथून महामार्गाने तळेगाव गाठावे. वाटेत हातकणंगले तालुक्यातील कुंभोजगिरीचे दर्शन होऊ शकते. घरी पोचल्यावर सहलीचा जमाखर्च मांडताना किलोमीटर आणि डिझेल यांच्या आधी एक नोंद करावी: घरातले कोण मागे राहिले नाही. सार्थवाहाचा हिशेब तोच होता.