न जगलेल्या दिवसांची आठवण

मागच्या व्याख्यानात आपण जॉन लॉकपाशी थांबलो होतो. माणसाची ओळख त्याच्या स्मृतीवर उभी असते, असं लॉक म्हणतो. मग जे आपण जगलोच नाही, तेच आपल्याला घडवत असेल तर?

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी छळछावण्यांतून वाचलेली अनेक ज्यू कुटुंबं कॅनडा-अमेरिकेत गेली. १९६६ मध्ये मॉन्ट्रियलचे मनोविकारतज्ज्ञ विव्हियन रेकॉफ यांनी लिहिलं की त्यांच्याकडे या कुटुंबांतली मुलं मानसिक त्रास घेऊन येताहेत. छावणी तर या मुलांनी पाहिलीही नव्हती!

हे पोचतं कसं? आर्ट स्पीगलमन यांचं 'माउस' हे चित्रकथेचं पुस्तक पाहा. वडील ऑशविट्झमधून वाचलेले. आता न्यूयॉर्कमध्ये घर आहे, पैसा आहे, तरी रस्त्यात पडलेली तार उचलून आणतात. मुलाने ताटात टाकलेलं अन्न पुढच्या जेवणाला त्याच्यापुढे पुन्हा येतं. युद्धात गेलेल्या मोठ्या भावाचा फोटो आईवडिलांच्या खोलीत. त्या भावाशी बरोबरी कशी करणार? तो कधी हट्टच करत नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, असं आपण म्हणतो. इथे पोळलं एकाचं आणि फुंकतो दुसरा. देशांतराने आणखी एक गोष्ट होते, आणि आमच्या मते तीच कळीची. मूळ गावात आजी, काका, शेजारी, कुणीतरी कारण सांगतं: 'अरे, त्याने काय सोसलंय!' परक्या शहरात सांगणारं कुणी उरत नाही. सवय मुलापर्यंत येते, कारण येत नाही. मग मूल समजतं, आपलंच काहीतरी चुकलं.

रक्तातूनही हे उतरतं का? रेचल येहुदा यांच्या गटाला २०१५ मध्ये वाचलेल्यांत आणि त्यांच्या मुलांतही ताणाशी संबंधित एका जनुकावर रासायनिक फरक दिसले. पण माणसं किती? ३२ वाचलेले, २२ मुलं. एवढ्यावर 'दुःख जनुकांतून उतरतं' असा मथळा देणं उतावीळपणाचं. शिवाय उपचारांसाठी न आलेल्या मुलांचे अनेक अभ्यास २००३ मध्ये एकत्र तपासले, तेव्हा ती इतरांहून जास्त त्रस्त दिसली नाहीत. म्हणजे वारसा अटळ नाही.

आपल्या जवळचं उदाहरण उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. पण तिथे शेजारीही सिंधचेच होते. आजोबा गप्प बसले, तरी सांगणारं दुसरं कुणी भेटण्याची शक्यता होती. मॉन्ट्रियलच्या मुलाला ती सोय फार कमी.

आता मुलाला किती सांगावं, कोणत्या वयात, यावर तुमचे प्रश्न घेऊ.