देवमाशाचे घोटे

डार्विनने १८५९ साली आपल्या ग्रंथात, तोंड उघडे ठेवून तासन्‌तास पोहत कीटक टिपणाऱ्या अस्वलाचा दाखला देऊन, अशा प्राण्याच्या वंशात कालांतराने देवमाशासारखा जीव निपजणे आपणांस अशक्य वाटत नाही असे लिहिले, तेव्हा त्याची इतकी टवाळी झाली की पुढील आवृत्तीत तो मजकूर त्याला आखडता घ्यावा लागला. अस्वलाची निवड चुकली होती. परंतु देवमासा भूचर सस्तन प्राण्यांपासून उत्क्रांत झाला, हे मूळ अनुमान यथार्थ होते, आणि त्याचे अस्सल दस्तऐवज आपल्याच उपखंडाच्या खडकांत दडलेले होते.

जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जमविलेले पाषाण त्यांच्या पश्चात वर्षानुवर्षे पडून होते. त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाच्या हवाली केले. आणि प्रयोगशाळेत एक कवटी साफ करताना कानाचे हाड अवचित तुटले, तेव्हा त्याच्या आतील कडेची जी विलक्षण जाडी नजरेस आली, ती तोवर केवळ देवमाशांच्या वंशाचीच खूण मानली जात असे. हा इंडोह्युस, सुमारे ४ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा खुरी प्राणी. देवमाशांचा साक्षात पूर्वज नव्हे, चुलत घराण्यातला. त्याच्या पायांची जाड, जड हाडे आणि दातांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण, दोन्ही त्याचा पुष्कळ काळ पाण्यात जात असल्याची ग्वाही देतात.

पाकिस्तानातील पाकिसेटस, चालणारा आणि पोहणारा अँब्युलोसेटस, कच्छमधील कचिसेटस, इजिप्तमधील इवल्याशा मागील पायांचा प्रचंड बॅसिलोसॉरस, ही मालिका आज उपलब्ध आहे. अर्धवट अवस्थेतील प्राणी जगेल कसा, हा आक्षेप मला नेहमीच निराधार वाटत आला आहे, कारण नैसर्गिक निवडीला भविष्याची जाण नसते आणि यांतील प्रत्येक जीव आपापल्या काळी, आपल्या पाणथळीत, जगण्यास पुरेसा समर्थच होता.

मात्र माझ्या मते सर्वांत बलवत्तर पुरावा घोट्याचा. पुराजीवशास्त्रज्ञ दीर्घकाळ एका लुप्त मांसाहारी कुळाकडे देवमाशांचे मूळ शोधीत असता, रेणुजीवशास्त्रज्ञांनी, खडकाला हातही न लावता, केवळ डीएनएच्या तुलनेवरून पाणघोडा हा देवमाशाचा निकटतम हयात आप्त ठरविला होता. पुढे २००१ साली पाकिस्तानातील आदिम देवमाशांच्या घोट्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि ती हाडे, हरिण, डुक्कर व पाणघोडा यांच्याप्रमाणेच, दोन्ही टोकांना कप्पीच्या आकाराची निघाली.