आषाढातले चार रविवार

भारतात चित्रपट दाखवण्याचा आरंभ एखाद्या अखंड कथापटाने झाला नाही; तो झाला वेगवेगळ्या तुकड्यांच्या एका संमिश्र खेळाने. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या प्रतिनिधीने एक रुपया दर लावून जे सहा लघुपट दाखवले, त्यांत स्थानकात शिरणारी आगगाडी होती, समुद्रस्नान होते, पाडली जाणारी भिंत होती आणि कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारे कामगारही होते. त्यांतला प्रत्येक लघुपट जेमतेम मिनिटभराचा होता. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हाही त्याच्या जोडीला नाच, विनोदी नकला आणि पायांनी वस्तू खेळवण्याच्या कसरती ठेवलेल्या होत्या. एका बैठकीत अनेक प्रकारचे पाहावे, ही सवय त्या अर्थाने चित्रपटाइतकीच जुनी आहे. एकच चित्रपट दिवसातून चार-पाच वेळा, तो चालेल तितके आठवडे लावायचा, ही आज स्वाभाविक वाटणारी पद्धत नंतरच्या व्यापाराने रूढ केली आहे.

व्यापाराच्या या पद्धतीला पर्याय म्हणून जी छोटी स्वतंत्र चित्रगृहे आणि चित्रपट मंडळे उभी राहिली, त्यांचा कारभार समजून घेतला, तर महिनाभराच्या विविध खेळांची आखणी हे स्वतःच एक कौशल्य आहे, हे ध्यानात येते. चित्रपट मंडळ म्हणजे तिकीटबारीवर न चालता सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था. ती नफ्यासाठी चित्रपट लावत नाही, म्हणून तिला जुना, परभाषेतला, मूक किंवा अगदी छोटा चित्रपटही निवडता येतो आणि खेळानंतर त्यावर चर्चा ठेवता येते. पॅरिसमध्ये लुई देल्युक यांनी १९२० च्या सुमारास अशा मंडळांची कल्पना मांडली, १९२५ मध्ये लंडनची फिल्म सोसायटी निघाली आणि १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता व त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ मध्ये देशातील मोजक्या मंडळांनी एकत्र येऊन महासंघ स्थापला आणि त्याचे अध्यक्षपद राय यांच्याकडे आले. मराठी प्रेक्षकांच्या दृष्टीने या परंपरेतले महत्त्वाचे नाव म्हणजे मुंबईचे 'प्रभात चित्र मंडळ'. जुलै १९६८ मध्ये सुरू झालेल्या आणि सुधीर नांदगावकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वाढवलेल्या या मंडळाने प्रभात फिल्म कंपनीचे नाव अभिमानाने धारण केले आणि मध्यमवर्गीय मराठी माणसाला जपानी, पोलिश, फ्रेंच चित्रपट पाहण्याची आणि त्यांवर मराठीत बोलण्याची सवय लावली. मराठीत बोलण्याची ही गोष्ट किरकोळ नव्हे, कारण चित्रपटाविषयीचे गंभीर लेखन तोवर बहुतांशी इंग्रजीतच अडकलेले होते.

हे सारे मोठ्या शहरांपुरते आहे, असे समजण्याचे मात्र कारण नाही. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम' या नाट्यसंस्थेने १९७० च्या दशकात चित्रपट मंडळ सुरू केले आणि शेतकरी, मजूर, शिक्षक अशा गावकऱ्यांना जगातले अभिजात चित्रपट दाखवले. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो अशाच कामाच्या गौरवार्थ. खेड्यातल्या माणसाला 'हे' कळणार नाही, या समजुतीला हेग्गोडूने दिलेले उत्तर इतके स्पष्ट आहे की, ती समजूत पुन्हा पुढे करणे हा प्रेक्षकांवर अन्याय ठरतो.

हेग्गोडूचा दाखला समोर ठेवून पालघर जिल्ह्यातील सालवडसारख्या गावासाठी महिनाभराच्या खेळांचा आराखडा करून पाहणे उद्बोधक ठरते. बोईसर आणि तारापूर औद्योगिक वसाहतीच्या लगतच्या या गावात प्रेक्षक एकजिनसी नाही. रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे कामगार उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा दूरच्या प्रांतांतूनही आलेले आहेत. परिसरात मूळची शेतकरी कुटुंबे आहेत, जवळच्या किनाऱ्यावर मांगेला आणि कोळी समाजाची मच्छीमार गावे आहेत, पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्यात वारली पाडे आहेत आणि तारापूर अणुवीज केंद्रामुळे आलेला नोकरदार वर्गही आहे. अशा ठिकाणी कोणता चित्रपट चांगला, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. कोणता चित्रपट कोणाच्या शेजारी बसून पाहिला जाईल आणि कोणत्या चित्रपटानंतर कोणता यावा, हे दोन प्रश्न अधिक मोलाचे ठरतात.

महिना निवडतानाही हीच दृष्टी हवी. आषाढ हा या किनाऱ्यावर एरवी अडचणीचा महिना. परंतु जून-जुलैमध्ये मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि खलाशी घरी असतात. म्हणजे एरवी रविवारीही समुद्रावर असणारा प्रेक्षक याच काळात भेटतो. पावसाच्या आवाजात पत्र्याच्या सभागृहातला संवाद ऐकू येत नाही, ही अडचण खरी आहे, पण पहिल्या रविवारी मूकपट ठेवला की तीही निम्मी सुटते.

पहिल्या खेळात ल्यूमिएर बंधूंचा तोच कारखान्यातून सुटणाऱ्या कामगारांचा लघुपट आणि त्यापाठोपाठ चार्ली चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) ठेवावा. लघुपटाची लांबी मिनिटभराची असली तरी त्यात कामगार पहिल्यांदा पडद्यावर आला, आणि तोही काम करताना नव्हे, तर काम संपल्यावर, चालत घरी निघालेला. पाळी सुटल्यावर वसाहतीच्या रस्त्यांवर लोटणारी गर्दी रोज पाहणाऱ्याला हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. 'मॉडर्न टाइम्स' बोलपटाच्या काळात निघाला असला तरी चॅप्लिनने त्यात संवाद जवळजवळ टाळले आहेत, त्यामुळे मराठी, भोजपुरी, ओडिया बोलणारे कामगार तो एकाच वेळी हसून पाहू शकतात. पट्ट्यावरून सरकणारे नट घट्ट करता करता कामगाराचे हात सुटीतही तीच हालचाल करत राहतात, हा त्यातला विनोद यंत्रावर काम करणाऱ्याला अंगात जाणवतो. बहुभाषक वस्तीत मूकपट ही केवळ जुनी वस्तू राहत नाही, ती सर्वांची समाईक भाषा होते, आणि या कारणासाठी पहिला मान तिलाच द्यायला हवा.

दुसरा रविवार आषाढी एकादशीच्या आसपासचा. त्या दिवशी 'संत तुकाराम' (१९३६) दाखवावा, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला आणि विष्णुपंत पागनीस यांनी गाजवलेला हा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सन्मानित झाला होता, एवढे मात्र खेळाआधी सांगितले जावे. घरातल्या मोठ्या माणसांनी भक्तिपट म्हणून ज्याची आठवण जपली, त्याच चित्रपटातली अभिनेत्री गौरी यांनी उभी केलेली जिजाई, तिचा संसाराचा त्रागा आणि तिचे खरे बोलणे आजच्या तरुण प्रेक्षकाला कदाचित तुकारामाइतकेच जवळचे वाटेल.

तिसऱ्या रविवारी कार्यक्रमाची खरी कसोटी आहे, कारण येथे दोन चित्रपट एकमेकांशी बोलायला हवेत. लंडनच्या फिल्म सोसायटीने नोव्हेंबर १९२९ मध्ये आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेम्किन'बरोबर जॉन ग्रिअरसन यांचा 'ड्रिफ्टर्स' दाखवला होता. रशियन जहाजावरचे बंड आणि उत्तर समुद्रातील हेरिंग माशांची शिकार, म्हणजे वरवर पाहता काहीच संबंध नसलेले दोन विषय. परंतु दोन्ही समुद्रावरच्या श्रमिकांचे, आणि एकाच बैठकीत पाहिल्याने ग्रिअरसनचा साधा माहितीपट प्रेक्षकांच्या नजरेत मोठा झाला. सालवडच्या खेळात 'ड्रिफ्टर्स'च्या जोडीला रामू कारियाट यांचा मल्याळम 'चेम्मीन' (१९६५) ठेवता येईल. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते. दक्षिणेतील चित्रपटाला ते पहिल्यांदाच मिळत होते. 'ड्रिफ्टर्स'मध्ये वाफेवरची जहाजे, जाळे ओढणारे हात आणि शेवटी बाजारात लिलाव होणारी मासळी दिसते. 'चेम्मीन'मध्ये समुद्रावर गेलेल्या नवऱ्याचा जीव किनाऱ्यावरच्या बायकोच्या शीलावर अवलंबून असतो, ही श्रद्धा आणि तिची किंमत मोजणारी स्त्री दिसते. सातपाटीच्या पापलेटचा भाव दूरच्या बाजारात कसा ठरतो, हे ज्यांना रोज अनुभवाला येते, त्यांना ग्रिअरसन कळेलच. परंतु 'चेम्मीन'नंतरची चर्चा मच्छीमार स्त्रियांनी सुरू केली तरच हा रविवार सार्थकी लागला असे म्हणता येईल, कारण मासळी विकणारी, सुकवणारी, हिशेब ठेवणारी स्त्री आणि चित्रपटातली वाट पाहणारी स्त्री यांच्यातला फरक तिनेच सांगायचा आहे.

चौथ्या रविवारी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' (१९५३) यावा. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्हज' दाखवला गेला, आणि त्याचा बिमल रॉय यांच्यावर झालेला परिणाम या चित्रपटात उघड दिसतो. गावातली जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा शंभू महतो बलराज साहनी यांनी उभा केला आहे. चित्रपटाच्या अखेरीस त्या जमिनीवर कुंपण पडलेले असते आणि आत कारखाना उभा राहत असतो. औद्योगिक वसाहतीच्या लगतच्या गावात हा शेवट पाहणाऱ्यांत जमीन असलेले आणि नोकरीसाठी जमीन सोडून आलेले असे दोन्ही प्रकारचे लोक असतील, आणि ते एकमेकांच्या शेजारी बसलेले असतील. या चित्रपटाला महिन्याच्या शेवटी ठेवण्याचे कारण तेच. चार आठवडे एकत्र बसल्याशिवाय अशा विषयावर मोकळेपणाने बोलणे होत नाही.

असा आराखडा कागदावरून पडद्यावर आणायचा तर काही गोष्टी नीट कळायला हव्यात. पूर्वी मंडळांचा सर्वांत मोठा आधार म्हणजे १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. तेथून १६ मिलिमीटरच्या, म्हणजे मोठ्या चित्रगृहांतल्या ३५ मिलिमीटरपेक्षा अरुंद फितीच्या प्रती मंडळांना मिळत आणि डब्यांतून रेल्वेने जात-येत. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आणि आता प्रती बहुतांशी डिजिटल झाल्या आहेत, त्यामुळे वाहतुकीचा खर्च आणि फीत तुटण्याची भीती गेली, मात्र हक्क कोणाकडे आहेत हे शोधून त्यांची लेखी परवानगी घेण्याचे काम वाढले. चित्रपट इंटरनेटवर सापडला म्हणून तो दाखवता येतो, असे नाही. सार्वजनिक खेळासाठी १९५२ च्या चित्रपट अधिनियमाप्रमाणे प्रमाणपत्रही लागते. उरला प्रश्न उपशीर्षकांचा, म्हणजे पडद्याखाली उमटणाऱ्या भाषांतराच्या ओळींचा. त्या बहुधा इंग्रजीत असतात, म्हणून 'चेम्मीन'सारख्या खेळाआधी कथानकाचे एक पान मराठीत आणि हिंदीत छापून वाटणे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते मोठ्याने वाचून दाखवणे, हा खर्च टाळू नये.

वेळेचा विचार शेवटी येतो, पण सर्वांत आधी करावा लागतो. रातपाळी करणारा कामगार सकाळच्या खेळाला झोपेत असतो आणि दुपारच्या पाळीचा कामगार संध्याकाळच्या खेळाला येऊ शकत नाही, म्हणून एकच चित्रपट रविवारी दोनदा लावावा आणि चर्चा दुसऱ्या खेळानंतर न ठेवता दोन खेळांच्या मधल्या वेळेत ठेवावी. तेव्हा पहिल्याचे प्रेक्षक थांबलेले असतात आणि दुसऱ्याचे येऊ लागलेले असतात.

डॉ. जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' (१९७७) मात्र या महिन्यात बसत नाही. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरचा, ठाकर समाजाचे जगणे आणि श्रद्धा गाण्यांतून सांगणारा हा चित्रपट वारली पाड्यांवरच्या प्रेक्षकाशिवाय पाहण्यात अर्थ नाही, आणि आषाढात हा प्रेक्षक भाताच्या आवणीत गुंतलेला असतो. त्यासाठी श्रावणातला, आवणी आटोपल्यानंतरचा पहिला रविवार राखून ठेवावा, आणि तो खेळ गावात न ठेवता पाड्यावरच्या शाळेत न्यावा.