टिपून घेणारी रद्दी

कढईतून नुकतीच काढलेली कांदाभजी वर्तमानपत्राच्या पानावर निथळत ठेवण्याची चाल आपल्याकडे इतकी जुनी आहे की, त्या पानावर पसरत जाणाऱ्या तेलाच्या डागाकडे कुतूहलाने पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही; वास्तविक जेथे तेल मुरते तेथे कागद अर्धपारदर्शक होऊन मागच्या बाजूचा मजकूर पुढून दिसू लागतो, आणि एवढ्याशा गोष्टीत कागदाच्या अंतर्रचनेचे बरेचसे इंगित सामावलेले आहे. कोरडा कागद अपारदर्शक असतो तो मुख्यत्वे त्याच्या तंतूंमधील असंख्य पोकळ्यांत कोंडलेल्या हवेमुळे. तंतू आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश पुनःपुन्हा विखुरतो व पलीकडे पोहोचत नाही. तेल शिरले की हवा बाहेर पडते, विखुरणे बरेचसे थांबते आणि प्रकाशाला वाट मिळते. छपाईच्या शाईतील अपायकारक द्रव्ये खाण्यात उतरतात म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली या चालीविरुद्ध सूचनापत्र काढले आणि पुढे वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास नियमानेच मनाई केली, हे उचितच झाले. परंतु भज्यांच्या बाबतीत जो गुण निषिद्ध ठरला, त्याच गुणावर रद्दी कागदापासून शोषक पदार्थ तयार करण्याचा एक संपूर्ण उद्योग उभा आहे.

या गुणाचे मूळ वनस्पतींच्या पेशीभित्तिकांत आहे. आन्सेल्म पायाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली ज्या द्रव्याचा शोध लावला ते सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज शर्करेच्या कणांची लांबच लांब साखळी. तिच्या अंगावर ठिकठिकाणी हायड्रॉक्सिल गट असतात व ते पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी जवळ ओढून धरतात. या साखळ्यांचे पुंज होऊन लाकडाचा एक-एक तंतू बनतो, जो सामान्यतः एक ते तीन मिलिमीटर लांब, केसाहून बारीक आणि आतून पोकळ असतो. पाणी लागताच तो जाडीने चांगलाच फुगतो, लांबीने मात्र जवळजवळ वाढत नाही. असे लक्षावधी तंतू आडवेतिडवे पडून कागद होतो, आणि त्यांच्यामधील फटी अतिसूक्ष्म नलिकांसारखे काम करू लागतात. नलिका जितकी अरुंद तितके पाणी तिच्यात आपोआप वर चढते, हा केशाकर्षणाचा नियम शाळेत सर्वांनी घोकलेला असतो. त्याचे गणित मांडले तर एक शतांश मिलिमीटर त्रिज्येच्या स्वच्छ नळीत पाणी जवळजवळ दीड मीटर उंच चढावे असे उत्तर येते.

मग सगळाच कागद सारखा का टिपत नाही? वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आणि एखाद्या गुळगुळीत दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर पाण्याचा एकेक थेंब सोडून पाहावा. पहिला काही क्षणांत पसरून नाहीसा होतो. दुसरा मोत्यासारखा गोल बसून राहतो आणि पान तिरपे केले की घरंगळून जातो. लिहिण्याच्या कागदावर शाई फुटू नये म्हणून लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळण्याची तजवीज मोरिट्झ इलिग या जर्मन कारागिराने १८०७ साली प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून चांगला कागद म्हणजे पाण्याला दाद न देणारा कागद असे ठरून गेले. गुळगुळीत कागदावर तर याखेरीज चिनी मातीचा किंवा खडूच्या पुडीचा लेप असतो. आपल्या जुन्या दफ्तरांतील कारकून ओली शाई सुकवण्यासाठी लिखाणावर बारीक वाळू टाकीत; पुढे तिची जागा टीपकागदाने घेतली, आणि टीपकागद म्हणजे दुसरे काही नसून राळ-तुरटीचा संस्कार मुद्दाम वगळलेला, सैल विणीचा कागद होय. तात्पर्य, शोषकता कागदाला बाहेरून द्यावी लागत नाही. ती उपजतच असते, आणि लेखन-मुद्रणाच्या सोयीसाठी आपण ती दाबून ठेवलेली असते. रद्दीपासून शोषक पदार्थ करणाऱ्याचे निम्मे काम ही दाबून ठेवलेली शक्ती मोकळी करण्याचे आहे.

उरलेले निम्मे काम अधिक अवघड, कारण कागदालाही वार्धक्य येते. छापील कागदापासून पुन्हा कागद करण्याची कल्पना जुनी आहे: गटिंगेन येथील कायद्याचे प्राध्यापक युस्टुस क्लाप्रोट यांनी शाई धुऊन काढण्याच्या रीतीवर १७७४ साली पुस्तिका छापली, आणि लंडनच्या मॅथायस कूप्सने १८०० साली त्याच प्रकारचे एकस्व मिळवून मोठी गिरणी चालवली, जी थोड्याच वर्षांत दिवाळ्यात निघाली. आजच्या गिरणीत रद्दी प्रथम एका प्रचंड हौदात पाण्याबरोबर घुसळून लगदा करतात. टाचण्या, प्लास्टिक, डिंक असा ऐवज गाळण्यांनी वेगळा काढतात. नंतर लगद्यात साबणासारखे द्रव्य घालून तळातून हवेचे बुडबुडे सोडतात, म्हणजे शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि काळपट फेस वरच्यावर काढून टाकता येतो. परंतु प्रत्येक वेळी भिजून, घुसळून आणि पुन्हा वाळून तंतू थोडा तुटतो, शिवाय वाळताना त्याच्या भिंती एकमेकींना इतक्या घट्ट चिकटतात की पुढच्या वेळी तो पूर्वीइतका फुगत नाही. पाच-सात फेऱ्यांनंतर बहुतेक तंतू इतके आखूड झालेले असतात की ते जाळीवर न राहता पाण्याबरोबर वाहून जातात. अशा तंतूंचा कागद होत नाही, कारण कागदाला बळ लागते. पण तेल टिपण्यासाठी वळलेल्या शोषक दाण्याला बळ कशाला हवे? चाळणीतून पडला नाही आणि हाताळताना भुगा झाला नाही, एवढे पुरते. म्हणून मला असे वाटते की, या उद्योगाची खरी जागा चांगल्या रद्दीच्या दारात नसून, कागदाच्या गिरणीने खारीज केलेल्या गाळाच्या ढिगाजवळ आहे.

याचा उत्तम दाखला अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, विनेबेगो सरोवरातून निघून ग्रीन बे येथे मिशिगन सरोवराला मिळणाऱ्या फॉक्स नदीच्या खोऱ्यात सापडतो. येथल्या नीना गावच्या किंबर्ली-क्लार्क कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या काळात लाकडाच्या लगद्यापासून 'सेल्युकॉटन' नावाचा कापसासारखा पदार्थ काढला, तो जखमांच्या पट्ट्यांसाठी कापसाऐवजी वापरला गेला, आणि युद्ध संपल्यावर त्यातूनच १९२० साली 'कोटेक्स' हे स्त्रियांसाठीचे उत्पादन बाजारात आले. हा लगदा ताज्या लाकडाचा होता; रद्दीचा मार्ग ऑस्टिन कॉफ्रिन यांनी १९१९ साली ग्रीन बे येथे स्थापन केलेल्या फोर्ट हॉवर्ड कंपनीने पत्करला आणि वाटेल त्या रद्दीपासून हातपुसणी व शौचकागद काढण्यात नाव मिळवले. (याच गावच्या दुसऱ्या एका कंपनीने १९३५ च्या सुमारास आपल्या शौचकागदात लाकडाची कुसळे नाहीत अशी जाहिरात केली होती, तत्पूर्वीच्या ग्राहकांची स्थिती वाचकांनीच कल्पावी.)

मऊ आणि टिपणारा कागद करायचा तर जुन्या कागदातील चिनी माती व खडू धुऊन टाकावे लागतात, त्यांच्याबरोबर आखूड तंतूही जातात, आणि आत आलेल्या मालाचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक अशा रीतीने करड्या गाळाच्या रूपाने बाहेर पडतो. पूर्वी हा गाळ जमिनीत पुरत किंवा जाळीत. ग्रीन बे येथेच एका कारखान्याने त्याला दाण्यांचे रूप दिले: गाळातील पाणी दाबून काढायचे, ओलसर भुगा फिरत्या यंत्रात घोळवून त्याच्या गोळ्या वळायच्या, त्या तापवून वाळवायच्या आणि निरनिराळ्या चाळण्यांतून चाळून आकारवार वेगळ्या करायच्या. 'बायोडॅक' या नावाने विकला जाणारा हा दाणा हातात घेतला तर करडा, हलका आणि खडबडीत लागतो. बोटांना धूळ चिकटत नाही. त्यातील माती त्याला वजन व घट्टपणा देते आणि तंतू द्रव धरून ठेवतात. त्यावर कीटकनाशकाचे द्रावण फवारले की ते आत मुरते, आणि कोरडा दाणा शेतात खतासारखा फेकता येतो. तेथे ओल लागली की तो औषध सोडतो. तशाच प्रकारचे दाणे कारखान्यांच्या फरशीवर सांडलेले तेल व ग्रीस टिपण्यासाठी वापरतात. आपल्याकडच्या गॅरेजात या कामी लाकडाचा भुसा, वाळू नाहीतर बनियन वेस्ट असते, हे वाचकांनी पाहिलेच असेल.

अमेरिकेत या कामासाठी मुलतानी मातीसारखी शोषक माती खाणीतून काढून, भट्टीत वाळवून वापरत असत. मिशिगन राज्यातील एड लो नावाच्या तरुणाच्या घरचा धंदा अशाच शोषक मालाचा होता. १९४७ साली एका शेजारणीने मांजराच्या पेटीसाठी वाळू मागितली तेव्हा त्याने तिला ही माती दिली, आणि त्यातून मांजरांच्या पेटीत घालायच्या मालाची एक अवाढव्य बाजारपेठ निर्माण झाली. माती जड, तिच्या धुळीत सिलिकेचे कण असण्याचा संभव, आणि वापरानंतर ती कुजतही नाही व जळतही नाही. म्हणून पुढे वर्तमानपत्रांच्या लगद्याच्या गोळ्या या बाजारात शिरल्या. कोंबड्या व घोडे यांच्याखाली अंथरण्यासाठीही कातरलेली रद्दी वापरतात. तान्ह्या मुलांच्या डायपरमध्ये मात्र तिला प्रवेश नाही: तेथे शुद्धतेचा प्रश्न आहेच, शिवाय कागद जे टिपतो ते दाबल्यावर बऱ्याच अंशी परत देतो, आणि मांडीवरच्या मुलाच्या बाबतीत हा दोष क्षम्य नाही.

फॉक्स नदीची गोष्ट येथेच संपली असती तर या धंद्याचा जमाखर्च फारच गोड झाला असता. नदीकाठच्या ॲपलटन येथे १९५४ पासून १९७१ पर्यंत कार्बनविरहित नकलकागद बनवला जात असे; त्यावर शाईच्या अतिसूक्ष्म कुप्या असत आणि त्यांत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) जातीचे तेल भरलेले असे. या कागदाची कात्रणे व निकामी माल आसपासच्या गिरण्या रद्दी म्हणून विकत घेत, धुऊन त्याचा लगदा करीत आणि धुवण नदीत सोडीत. दीर्घकाळ न विघटणारे हे विष तळच्या चिखलात आणि तेथून माशांत उतरले, आणि तो चिखल उपसण्याचे काम २००४ साली सुरू होऊन २०२० साली पुरे झाले. हे पाप कागदावर आधी लादलेल्या रसायनाचे. पण जो पदार्थ सर्व काही टिपून घेतो तो विषही टिपून घेतो आणि धुताना ते सोडून देतो, हे ज्यांनी ध्यानात ठेवायला हवे होते त्यांनी ठेवले नाही.

अलीकडे संशोधकांची दृष्टी दाण्यांच्या पलीकडे गेली आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात रद्दीचे तंतू पाण्यात विखरून, चिकटद्रव्याने एकमेकांत गुंतवून, गोठवून आणि निर्वातात बर्फाची थेट वाफ करून एक अत्यंत हलका, जवळजवळ सगळा हवेचाच बनलेला स्पंजासारखा पदार्थ तयार करण्यात आला व २०१६ साली त्याची वार्ता प्रसिद्ध झाली. समुद्रावर सांडलेले तेल टिपण्यासाठी साधा कागद निरुपयोगी, कारण तो आधी पाणी पिऊन बुडतो. म्हणून या पदार्थावर सिलिकॉनयुक्त द्रव्याचा लेप देऊन त्याला पाण्याचा तिटकारा उत्पन्न केला जातो, आणि मग तो आपल्या वजनाच्या ९० पटींपर्यंत तेल घेतो व पिळून ते परत देतो, असे संशोधकांनी नमूद केले आहे. कल्पना सुंदर आहे. तथापि गोठवून वाळवण्याला जी वीज आणि जो वेळ लागतो, त्याकडे पाहता गिरणीच्या गाळाचा ओबडधोबड दाणाच अद्याप अधिक व्यवहारी ठरतो, असे माझे मत आहे.

हे सर्व व्हायचे तर रद्दी गिरणीच्या दाराशी कोरडी पोहोचली पाहिजे, आणि नेमके तेच आपल्याकडे बिघडते. घरच्या बादलीत चहाचा चोथा आणि उष्टी आमटी यांच्याशेजारी टाकलेला कागद आपली सगळी शोषकता तेथल्या तेथे खर्च करून बसतो. मग तो वेचणाऱ्याच्या पदरात त्याचा भाव पडत नाही आणि कारखान्याच्याही तो उपयोगी येत नाही. १९९३ साली पुण्यात स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीसारख्या संघटना ओला व सुका कचरा वेगळा मागतात, त्यामागे हाच हिशेब आहे. तेव्हा वाचकांनी एवढे करावे: कागद वेगळ्या पिशवीत कोरडा ठेवावा, प्लास्टिकचा मुलामा दिलेले चहाचे पेले व खाद्यपदार्थांची वेष्टने त्यात घालू नयेत, आणि दुकानातून किंवा एटीएममधून मिळणारी गुळगुळीत, नखाने ओरखडल्यास काळी पडणारी बिले तर मुळीच मिसळू नयेत, कारण त्यांवरील लेपात बहुधा बिस्फेनॉल जातीची द्रव्ये असतात आणि ती लगद्यात उतरून पुढच्या कागदात जातात.